मी डोळे वटारत नव्हते

माझ्या आजाराबद्दल लिहायचं तर आधी एक कबूल करायला हवं. मी मुळातच शांत बाई नाही. लहानपणापासून तोंडाचा पट्टा सुरू. मखमलाबादच्या मळ्यात मी सून म्हणून आले, तेव्हा सासूने पहिल्याच आठवड्यात शेजारणीला सांगितलं होतं, "पोरगी कामाला लय चांगली, पण बोलायला लागली का थांबत नाय." त्यामुळे मी बिघडत गेले तेव्हा कोणाला काही वेगळं वाटलंच नाही. तापट बाई जरा जास्त तापट झाली, एवढंच. दुसऱ्या एखाद्या गरीब स्वभावाच्या बाईला हे झालं असतं, तर घरच्यांनी महिन्याभरात दवाखाना गाठला असता. मला दीड वर्ष लागलं.

म्हणून हे लिहिते आहे. माझ्यासारख्या तोंडाळ बायका घरोघरी आहेत. त्यांच्यातली एखादी आजारी असेल आणि कोणाला कळत नसेल.

*

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी बत्तीस वर्षांची होते. नवरा प्रकाश मळा बघायचा. गुलाब, शेवंती, झेंडू आणि बांधाला थोडी मेथी-कोथिंबीर. पंचवटीत आमचा हारफुलांचा गाळा होता. पहाटे फुलं तोडायची, सकाळी निवडायची, मग हार ओवायला बसायचं. हार माझ्या हातचे असायचे. घरात चौघं : मी, प्रकाश, सासूबाई आणि सहा वर्षांची आमची पूनम. सासूला आमच्याकडे आत्या म्हणतात, मीही तेच म्हणायचे.

सुरुवात हातांपासून झाली असावी. सुई फुलाच्या देठात जायची तिथे जाईना. बारीक थरथर, बाहेरून दिसायची नाही, पण शेवंतीच्या पाकळ्या माझ्या मांडीवर पडायच्या. मी सुईला शिव्या द्यायचे. मग भूक. चार भाकऱ्या खाऊन तासाभरात पुन्हा डबे उघडायचे, आणि तरी ब्लाउज दोन्हीकडून टाचावे लागत होते. "खाल्लेलं कुठं जातं हिचं?" असं आत्या भाजीवालीला विचारायच्या, मी समोर असताना. मार्गशीर्षात सगळं घर गोधडीत आणि मी पंखा लावून उघड्या फरशीवर. केस हातात यायचे. दिवसातून पाच-पाच वेळा परसाकडे पळायचे.

आणि छातीत धडधड. ती कशी सांगू? मी "जीव घाबरा होतोय" म्हणायचे. दुसरा शब्द मला माहीत नव्हता. पण हे म्हटलं की प्रत्येकजण विचारणार, "घाबरायला काय झालं? वाघ मागं लागलाय का?" गावातल्या डॉक्टरांनीही तेच विचारलं. वर घरात काही कटकटी आहेत का म्हणाले, ताकदीचं औषध दिलं आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. गोळ्या खाऊन मी जागीच राहायचे. कपाटं आवरायचे, आवरलेली पुन्हा आवरायचे. मला एका जागी बसताच येत नव्हतं. बसले की अंगात कुणीतरी ढकलतंय असं वाटायचं.

या सगळ्यावर कोणी फार बोललं नाही. भांडण पेटलं ते डोळ्यांवरून.

*

"हिला काय सांगायची सोय नाय. बोललं का डोळे वटारती."

आत्यांचं हे पहिलं वाक्य मला चांगलं आठवतं, कारण मी तेव्हा खरंच काही केलं नव्हतं. त्या म्हणाल्या डाळ पातळ झालीय, मी वर बघितलं. बस. आमच्याकडे सुनेने सासूवर डोळे वटारणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. उलट उत्तर एकवेळ खपतं, डोळे दाखवणं खपत नाही.

रात्री जेवताना प्रकाशने विषय काढला. "आईकडे असं बघत जाऊ नकोस."

"कसं?"

"असं."

"अहो, मी नुसती बघतेय!"

"हे काय, आत्ता पण तसंच. माझ्याकडेसुद्धा."

मी ताट सरकवून उठले. आरशासमोर जाऊन उभी राहिले. आरशात रोजचीच मी. रोज स्वतःला बघणाऱ्या माणसाला बदल दिसत नाही, हे मला पुढे कळलं. तेव्हा वाटलं, सगळे मिळून मला वेडी ठरवतायत.

मग मी मान खाली घालून बोलायला लागले. तर तक्रार आली की तोंड फुगवून बसते. गाळ्यावर गिऱ्हाईक म्हणालं, "ओ बाई, हार मागितला, चिडता कशाला?" त्या माणसाशी मी जी भांडले, ते ऐकून शेजारचा नारळवालासुद्धा बाहेर आला. प्रकाशने दुसऱ्या दिवसापासून मला गाळ्यावर येऊ दिलं नाही.

*

आता जे लिहायचं आहे ते मला अजून जड जातं.

गणपती उठले त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी पूनमची वेणी घालत होते. शाळेची घाई. तिचे केस दाट, माझे हात थरथरणारे, फीत निसटत होती. ती हलली. मी "हलू नकोस" म्हणाले. ती पुन्हा हलली. मी वेणी धरून तिला मागे ओढलं. एवढ्या जोरात ओढलं की ती दाराच्या चौकटीवर आपटली. कपाळाला तीन टाके पडले.

आजारपणात माणूस चिडतं, हे डॉक्टरांनी मला पुढे दहा वेळा समजावलं. मी ऐकून घेते. थरथर आजाराची होती हे खरं. पण वेणी माझ्या मुठीत होती. लिहायला बसलेच आहे तर हे झाकून ठेवणार नाही.

टाके घालताना पूनम रडली नाही. ती माझ्याकडे बघत होती आणि प्रकाशच्या शर्टाला घट्ट धरून होती. घरी आल्यावर हळूच म्हणाली, "पप्पा, आईला सांगा ना, डोळे मोठे करू नको."

आठवड्याभरात माझी नणंद लताताई देवळ्याहून आली. तिच्याकडे कांद्याची शेती, माणसांनी भरलेलं घर, पूनमच्या वयाची मुलगी. "थोडे दिवस राहू दे माझ्याकडं, वहिनी. तुमचं बरं झालं का आणून सोडते," असं ती चांगल्या मनानेच म्हणाली. पूनमचं नाव तिथल्या शाळेत घातलं. एस.टी.त बसताना पूनमने मागे वळून बघितलं नाही. मी स्टँडवर उभी राहून ओरडत होते, "लाडू डब्यात आहेत गं!" गाडी गेली तरी ओरडत होते.

*

त्यानंतर माझ्यासाठी एकच प्रश्न उरला. पूनम घरी कधी येणार?

आत्यांचं म्हणणं, हे बाहेरचं आहे. त्र्यंबकला जाऊन नारायण नागबळी करा. प्रकाशला ते पटेना. त्याच्या एका शिक्षक मित्राने त्र्यंबकच्याच एका शिबिराचं पत्रक आणून दिलं. योग आणि ध्यान, सात दिवस, फक्त बारा माणसं, दुपारपर्यंत मौन. मौन हा शब्द वाचून प्रकाशला फार बरं वाटलं असणार, असं मी तेव्हाही त्याला म्हणाले होते.

तो हसला नाही. म्हणाला, "रंजना, सात दिवस पूर्ण कर. मनापासून कर. शांत होऊन ये. आलीस की दुसऱ्या दिवशी जाऊन पूनमला आणू."

"नक्की?"

"नक्की. पण अर्ध्यातून पळून आलीस तर मी कोणाला काही सांगू शकणार नाही."

आत्या आतून म्हणाल्या, "त्र्यंबकला जातीच हाय तर नागबळीचं पण इचारून ये."

*

ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी, गावाच्या गजबजाटापासून जरा लांब, जुनी दगडी धर्मशाळा होती. मधे चौक, तीन बाजूंनी खोल्या, चौथ्या बाजूला लांब ओवरी. ओवरीतून समोर डोंगराचा काळा कडा दिसायचा. पहाटे देवळाची घंटा ऐकू यायची. पूर्वी तिथे गंगाद्वाराला जाणारे यात्रेकरू आणि साधू उतरायचे. भिंतीला काजळीचे जुने डाग तसेच ठेवले होते.

शिबिर वसुधाताई घ्यायच्या. साठीच्या, बारीक, पांढऱ्या सुती साडीतल्या. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, निवृत्त झाल्यावर योग शिकवायला लागल्या. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "या ओवरीत शेकडो वर्षं माणसं येऊन गप्प बसत आलीयेत. तुम्हाला सात दिवस जमायला हरकत नाही."

माझ्या मनात आलं, त्या शेकडो वर्षांत माझ्यासारखी एकही आली नसणार.

मला जमत नव्हतं. मांडी घातली की गुडघा नाचायचा. श्वास मोजा म्हणायच्या, तर माझा श्वास मोजायच्या आत निघून गेलेला असायचा. सगळ्यांनी शाली गुंडाळलेल्या आणि माझ्या पाठीवरून घाम. मौनात तीन वेळा उठून संडासकडे पळायचे. जेवताना चौथ्या वेळेस खिचडी मागितली तेव्हा नाशिकरोडचे एक पेन्शनर गृहस्थ आपल्या ताटाकडे बघत राहिले. मी मात्र हट्टाला पेटले होते. सात दिवस. एक गेला, सहा राहिले. ध्यान म्हणून मी एवढंच करत होते.

पण खरी अडचण वेगळीच निघाली. वसुधाताई म्हणायच्या, "डोळे मिटा." आम्ही मिटायचो. थोड्या वेळाने माझ्याजवळून आवाज यायचा, "रंजना, डोळे मीट."

"मिटलेत, ताई."

"मीट बाळ, मीट."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सगळ्यांनाच उद्देशून म्हणाल्या, "एकजण अजून किलकिले डोळे करून बघतंय. बाहेर काही नाही, आत बघायचंय."

"मिटलेत म्हटलं ना!" मी ओरडले.

त्या दगडी ओवरीत माझा आवाज केवढा घुमला! सगळ्यांनी डोळे उघडले. पेन्शनर तर दचकून उठून उभेच राहिले. मौन मोडलं, शिस्त मोडली. मी चौकात येऊन हौदाच्या कट्ट्यावर बसले आणि मला रडू फुटलं. आता ह्या मला घरी पाठवणार. प्रकाश म्हणणार, बघ, दोन दिवस निघाले नाहीत. पूनम तिथेच मोठी होणार, लताताईला आई म्हणणार. माझं डोकं एकदा पळायला लागलं की असंच शेवटापर्यंत पळायचं.

वसुधाताई दुपारी ताट घेऊन आल्या, माझ्याशेजारी जेवल्या आणि गेल्या.

*

तिसऱ्या दिवशी शवासन चाललं होतं. सगळे उताणे पडलेले, पेन्शनर घोरत होते. मी पडल्या पडल्या पूनमच्या बुटांचा विचार करत होते, थंडीत तिला मोजे घालतात की नाही. वर सावली आली. वसुधाताई माझ्या उशाशी गुडघे टेकून बसल्या होत्या.

"उठू नकोस. डोळे मीट."

मी मिटले.

"घट्ट मीट. अजून घट्ट."

"एवढेच मिटतात, ताई."

माझ्या तोंडून हे निघालं आणि मलाच कसंतरी झालं. इतके महिने डोळ्यांत वाळू गेल्यासारखी खुपत होती, सकाळी डोळे कोरडे ठणठणीत आणि लाल असायचे. पण माझे डोळे पूर्ण मिटत नाहीत, हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. मला स्वतःलाच माहीत नव्हतं.

त्यांनी माझं मनगट धरलं. साडीला आतून टाचलेलं नर्सचं जुनं घड्याळ काढलं. बराच वेळ बघत राहिल्या. मग मला ओवरीबाहेर नेलं, दोन्ही हात समोर पसरायला लावले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद वारा लागल्यासारखा हलत होता, आणि वारा तर काहीच नव्हता.

"किती दिवस झाले हे?"

"काय किती दिवस?"

"अर्धा तास आडवी होतीस. तरी नाडी सव्वाशेला. अगं, पळत जिना चढून आलेल्या माणसाची असते एवढी. तुझ्याजवळ तुझा एखादा जुना फोटो आहे का?"

माझ्या पर्समध्ये पूनमच्या चौथ्या वाढदिवसाचा स्टुडिओतला फोटो होता. ती मांडीवर, मी खुर्चीत. वसुधाताईंनी तो माझ्या तोंडाशेजारी धरला, एकदा फोटोकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. मग खोलीतला आरसा काढून आणला आणि फोटो माझ्या हातात दिला.

"आता तूच बघ."

फोटोतल्या बाईचे डोळे साधे होते. कोणाचेही असतात तसे. आरशातल्या बाईच्या बुबुळांभोवती वर-खाली पांढरं दिसत होतं, पापण्या वर खेचून बांधल्यासारख्या. ती बाई माझ्यावर डोळे वटारून बघत होती. पूनमला रोज हीच बाई दिसत होती.

"तुझ्या गळ्यातली गाठ बिघडली असणार. थायरॉईड म्हणतात," वसुधाताई म्हणाल्या. "रक्त तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, आणि ते सांगणं माझं काम नाही, डॉक्टरांचं आहे. पण तीस वर्षांत असे डोळे मी पाहिलेत. दोन दिवस मी तुला चोरून बघणारी समजत होते. चुकलं माझं."

कोणीतरी "चुकलं माझं" म्हणतंय हेच मला नवं होतं.

"आजच घरी जा. हे ध्यानाने बरं व्हायचं नाही."

आणि मग मी त्यांच्यावर भडकले. खरं सांगते, आनंद वगैरे काही झाला नाही. "मी जाणार नाही! सात दिवस पूर्ण केले तरच माझी पोरगी मिळणार आहे. अजून चार दिवस आहेत. तुम्ही मला हाकलू शकत नाही. मी गप्प बसेन, नाहीतर डोळ्यांवर फडकं बांधून बसेन."

"फडकं बांधून काय होणार?"

"तुम्हाला काय माहीत आमच्या घरात काय चाललंय!"

"नाही माहीत. नवऱ्याचा नंबर दे."

*

एस.टी.डी. बूथवरून त्यांनी आमच्या घराशेजारच्या दुकानात फोन लावला. संध्याकाळच्या आत प्रकाश स्कूटरवर आला. चौकात शिरल्या शिरल्या त्याच्या चेहऱ्यावर मला वाचता आलं : पळालीच शेवटी.

वसुधाताईंनी त्याला चहा दिला, कट्ट्यावर बसवलं आणि तो फोटो दिला. मग मला म्हणाल्या, "इकडे ये, यांच्यासमोर डोळे मीट."

मी मिटले. मला काही दिसत नव्हतं असं नाही. खालच्या फटीतून त्याची चप्पल दिसत होती, मातीने भरलेली. ती चप्पल कितीतरी वेळ हलली नाही.

"झोपेत पण अशीच असते ही," प्रकाश म्हणाला. "मला वाटायचं जागी आहे आणि मुद्दाम बोलत नाही."

जाताना स्कूटरवर मी त्याला तीनदा विचारलं, "पण मग पूनमचं काय? सात दिवस झाले नाहीत." तिसऱ्यांदा तो म्हणाला, "रंजना, आता ते सात दिवस सोड." आणि त्याने एका हाताने माझा हात आपल्या पोटाशी ओढून घेतला. अंजनेरी मागे पडेपर्यंत तो तसाच धरून होता.

*

नाशिकच्या डॉक्टरांनी गळा चाचपला आणि दोन मिनिटांत मान हलवली. रक्त मुंबईला पाठवलं. रिपोर्टला पाच दिवस. ते पाच दिवस मी कसे काढले ते घरातली भांडी सांगतील, सगळी मी घासली, स्वच्छ असलेलीसुद्धा. एकाच गोष्टीची धास्ती होती. रिपोर्टमध्ये काहीच निघालं नाही तर? मग मी नुसतीच वाईट बाई ठरणार होते.

आत्यांचा विश्वास नव्हता. "डोळ्याचा आजार गळ्यात कसा आसंल? डॉक्टर लोकं काय पण सांगत्यात."

रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, "थायरॉईडच आहे, चांगलंच वाढलंय. हृदयाचे ठोके पण चुकतायत. आठ दिवस ॲडमिट व्हा, मग दीड-दोन वर्षं गोळ्या." हे ऐकून मी हसले. मोठ्याने हसले. डॉक्टरांनी प्रकाशकडे बघितलं. माणसं आजार निघाला म्हणून रडतात, मला पेढे वाटावेसे वाटत होते. रस्त्यावर आल्यावर मात्र हसणं थांबलं. हृदयाचे ठोके चुकतायत म्हणजे काय, हे आत्ता कुठे डोक्यात शिरत होतं. मी मेले तर पूनमला आईची आठवण कोणती राहणार? तो दरवाजा आणि ते टाके. रसवंतीच्या बाकड्यावर बसून मी प्रकाशला म्हणाले, "मला एवढ्यात मरायचं नाही." तो म्हणाला, "रस पी."

*

दवाखान्यात सगळं ठरलेलं. साडेपाचला थर्मामीटर, मग नाडी, मग स्पंज, मग पातळ चहा. दहाला डॉक्टरांची फेरी. चार ते सहा भेटायला माणसं. मला उठायची बंदी होती, आणि मला बसवत नव्हतं तिथे पडवणार कसं? मी खाटेच्या कडेच्या लोखंडी पट्ट्या मोजल्या. सिस्टरला विचारून विचारून हैराण केलं, "नाडी किती आली?" एकशेवीस. एकशेअठरा. पुन्हा एकशेवीस. त्या एकशेवीसवर मी अख्खा दिवस चिडून होते. पाचव्या दिवशी शहाण्णव आली, आणि दुपारी मला गाढ झोप लागली. दीड वर्षात पहिल्यांदा.

झोपताना डोळ्यांत मलम घालून पापण्यांना चिकटपट्टी लावायचे, डोळे कोरडे पडू नयेत म्हणून. एकदा दुपारी पट्टी लावलेली होती, मी जागीच होते. स्टुलावर कोणीतरी येऊन बसलं. डब्याचा आणि फुलांचा वास आला. आत्या होत्या. पट्टीच्या कडेला निघालेलं टोक त्यांनी अंगठ्याने हलकेच दाबून बसवलं.

"मला वाटलं, मलाच डोळे दाखवतीस," त्या म्हणाल्या. माझ्याशी बोलत होत्या की स्वतःशी, कळलं नाही.

"नाही ओ आत्या."

त्या दचकल्या, स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "जागी हाय व्हय? उठ मंग, भाकर गरम हाय." यापेक्षा जास्त माफी आमच्या घरात कोणी मागत नाही. मी पट्ट्या काढून खाटेवरच उठून बसले आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या.

*

हे वाचणाऱ्यांना एवढंच सांगेन. घरातलं माणूस बदललंय असं वाटलं तर त्याचा दोन वर्षांपूर्वीचा फोटो काढून शेजारी धरा. आणि योग-ध्यानाला नावं ठेवू नका, त्याच्या भरवशावरही बसू नका. मी पुढे तीन वर्षं वसुधाताईंच्या शिबिराला जात राहिले, आता मला बसता येतं. पण आधी गोळ्या लागल्या. माझे डोळे पूर्वीसारखे झाले नाहीत. पुष्कळ उतरले, थोडे राहिले. गाळ्यावर नवं गिऱ्हाईक अजून बिचकतं. मी सांगून टाकते, "चिडले नाहीये, हार घ्या."

*

होळीनंतर आम्ही देवळ्याला गेलो. लताताईची सासू अंगणात कांदे निवडत होती. मला बघून म्हणाली, "ये माय, पोर मजामा शे." पोर मजेत होती म्हणे. पूनम लताताईच्या मागे उभी होती. उंच झाली होती. मी दारातच बसले, हाक मारली नाही. हाक मारायची मला फार इच्छा होती. बऱ्याच वेळाने ती आली, माझ्या डोळ्यांकडे बघितलं, आणि तिने विचारलं, "आई, तू बरी झालीस का?"

"होतेय."

ती घरी आली. आणि शहाण्यासारखी वागायला लागली. कारलं वाढलं, खाल्लं. अभ्यास कर म्हटलं, केला. "हो आई." "हो आई." खेळता खेळता मी खोलीत आले की ती खेळ आवरायला घ्यायची. बोलण्याआधी माझ्या तोंडाकडे बघून अंदाज घ्यायची. आत्या शेजारणींना सांगायच्या, "पोर लय गुणाची झाली." मी प्रकाशला म्हणाले, मला गुणाची नकोय. त्याला कळेना मी काय म्हणतेय. गोळ्यांनी नाडी उतरली होती, वजन वाढलं होतं, डॉक्टर खूश होते. मी बरी झाले असं मला वाटत नव्हतं.

श्रावणातला रविवार होता. पूनमला मैत्रिणीकडे टीव्हीवर सिनेमा बघायला जायचं होतं. मी नाही म्हटलं, सर्दी होती तिला. ती "हो आई" म्हणेल म्हणून मी कणकेत हात घातला.

"का नाही? तू नेहमी नाही म्हणतेस!"

मी वर बघितलं. ती लाल झाली होती, पाय आपटत होती. "मला नाही आवडत तू! लताआत्या पाठवायची! मी तुझ्याशी बोलणारच नाही, कधीच नाही!" आणि आतल्या खोलीत जाऊन तिने धाडकन दार आपटलं.

आत्या ताडकन उठल्या. "आईला उलट बोलती? थांब, बघती तिच्याकडं."

मी कणकेच्या हाताने त्यांचा पदर धरला. "नको, आत्या. बोलू द्या तिला."

आतून ओरडणं चालूच होतं. माझं कारलं किती घाण असतं तेही आता ती सांगत होती. मी तिथेच परातीपाशी बसले आणि रडत, हसत ते सगळं ऐकलं. देवळ्याहून तिला आणून पाच महिने झाले होते. पण पूनम घरी आली ती त्या दिवशी.